आमच्या घरात कोणी बहिरं नाही

कानात काय वाजतं, हे सांगायला माणसांजवळ शब्द नसतात. म्हणून ती आवाज काढून दाखवतात. चांगली शिकली-सवरलेली माणसं माझ्यासमोर खुर्चीवर बसून सूंऽऽ, चींऽऽ, गुंईंऽऽ करत असतात आणि मी गंभीर चेहऱ्याने विचारते, "दोन्ही कानांत, की एकाच?" एक निवृत्त नायब तहसीलदार होते, त्यांनी रातकिडा असा काही काढून दाखवला की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दार ढकलून आत डोकावले. एक मावशी म्हणाल्या, "माह्या कानात कुकर चढला हाय वं, पण शिटी काही होऊन नाही राहिली." याहून नेमकं वर्णन मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

माझं काम कान तपासायचं. कानात बॅटरी मारून पाहतात ते डॉक्टर. किती ऐकू येतं आणि कुठून पुढे येत नाही हे मोजते ती मी. सर्टिफिकेटवर ऑडिओलॉजिस्ट. नागपुरात सरकारी दवाखान्यात नोकरी केली, तिथे सगळे 'कानवाल्या मॅडम' म्हणायचे. आता सदर भागातल्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडे सकाळचे काही तास बसते, तर तिथे माझ्या आधी माझं नाव पोचलेलं. या अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, लोकांना पीप-पीप ऐकवायचं आणि आपण गप्प बसायचं, त्यात लिहिण्यासारखं काय असणार बाप्पा. मग प्रल्हादभाऊ आठवले. ती गोष्ट मला अजून पचलेली नाही.

आधी काम समजून घ्या. स्पंजने मढवलेली एक लहानशी खोली असते, तिला जाड दार आणि एक काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाहेरून मी आवाज सोडते, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, आणि प्रत्येक आवाज हळूहळू कमी करत नेते. ऐकू आलं की बटण दाबा, एवढंच सांगणं. पण आपल्या लोकांना ही परीक्षा वाटते. एका सासूबाईंनी तर बटणावरचा अंगठा उचललाच नाही, कारण सून बाहेर बसली होती आणि तिच्यासमोर नापास व्हायचं नव्हतं. एका मास्तरांनी माझा ठेका ओळखला आणि डोळे मिटून बरोबर ठेक्यावर बटण दाबत राहिले. तेव्हापासून मी ठेका मोडून आवाज देते. शेवटी कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवायची. तिच्यातून आवाज हाडावाटे थेट आत जातो, आणि दोष कानाच्या पडद्याकडे आहे की आतल्या नसेकडे ते कळतं.

कान वाजणाऱ्यांत वयाची माणसं पुष्कळ, डीजेपुढे नाचलेली पोरं पुष्कळ. हल्ली औषधाचं नाव घेऊन येणारेही असतात. सदरमधलाच एक दुकानदार खोकल्यावर अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन, मोबाइलवर वाचून, घामाघूम होऊन आला. "मॅडम, गोळीनं कान गेले माझे, मले लिहून द्या, मी केस करतो." क्वचित असं होतं, आणि बहुतेक वेळा गोळी थांबली की आवाजही थांबतो. पण याच्या कानात मळाचा असा बूच बसला होता की डॉक्टरांनी तो काढल्यावर गडी म्हणाला, रस्त्यावरचे हॉर्न एवढे जोरात काहून वाजून राहिले. केस त्याने मागे घेतली.

खरी भीती काही सुयांची असते. कानाच्या अगदी आत शंखासारखा एक भाग असतो आणि त्यात फार नाजूक पेशी असतात. आवाज पकडायचं काम त्यांचं. जन्मताना मिळतात तेवढ्याच, गेल्या की परत येत नाहीत. ॲमिकासिन, जेंटामायसिन, जुन्या काळची स्ट्रेप्टोमायसिन, या सुया काही जणांच्या या पेशी मारतात. सुया वाईट नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या कोणी सुई अर्ध्यात सोडून घरी जाईल आणि पाप माझ्या माथी येईल. मरणाच्या दारातली माणसं या सुयांनी उठून बसलेली मी पाहिली आहेत. पण नुकसान सुरू होतं ते बारीक आवाजांपासून. आधी पाखरं जातात, मग पैंजण, मग कुकरची शिट्टी. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी कळतं ते कान वाजायला लागले की. तेव्हाच डॉक्टरला सांगितलं तर औषध बदलता येतं, डोस पाहता येतो. पण तापाने फणफणलेल्या माणसाला कानाचं सांगायचं सुचत नाही, आणि सुचलं तरी काय होतं ते पाहा.

प्रल्हादभाऊ नरखेड तालुक्यातले. संत्र्याच्या बागांना पाणी देणाऱ्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. चाळिशी ओलांडलेला उंच माणूस, खिशात कायम पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. बरोबर बायको संगीता, आणि सोबत आलेली एक म्हातारी बाहेरच्या बाकावर. संगीताने लेकराची पाटीच सोबत आणली होती, कारण नवऱ्याशी आता लिहूनच बोलावं लागत होतं. तो मात्र तोंडाने बोलायचा, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने एवढ्या मोठ्याने की खोलीची काच हलायची.

"मॅडम, मले सांगा, माहे कान असे कसे गेले? कान म्हणजे माही भाकर हाय."

ते खरं होतं. चालू मोटारीला पेचकसचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, आणि बेअरिंग कधी जाणार ते सांगायचं. त्यासाठी पंचक्रोशीतले लोक त्याला गाडीवर बसवून न्यायचे. मी कानामागे डबी टेकवली तेव्हा तो हसला. "हे तं माह्या पेचकसासारखंच हाय." एवढा जाणता माणूस, आणि नेमक्या त्याच जाणतेपणाने त्याचा घात केला.

झालं होतं असं. मुतखडा अडकला, जंतू रक्तात गेले, थंडी वाजून ताप आला. नागपुरातल्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी योग्य तेच केलं, सुया सुरू केल्या, किडनीवर लक्ष ठेवलं, माणूस वाचवला. त्याच दिवसांत प्रल्हादभाऊच्या कानात बारीक आवाज सुरू झाला. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, माझे कान वाजून राहिले. हा मोटारवाला. त्याने सिस्टरला बोलावून सांगितलं, "सिस्टर, तुमच्या एसीचं बेअरिंग गेलं."

सिस्टर बिचारी चांगली. तिने एसीवाल्याला बोलावलं. तो शिडी घेऊन आला, खोलून पाहिलं, म्हणाला एसी ठीक आहे. प्रल्हादभाऊने तोंड फिरवलं. "त्याले काही समजत नोहोतं मॅडम. मले साफ ऐकू येऊन राहिलं होतं." कान बुडताना जी एकच हाक मारतात ती त्याला मिळाली होती, त्याने ती मोठ्याने सांगितलीही होती, आणि तिच्यासाठी शिडी घेऊन आला तो एसीवाला. यात दोष कोणाला द्यायचा? मी आजपर्यंत शोधते आहे, मला कोणी सापडत नाही.

ताप उतरला, तो घरी गेला. तर गावातल्या साऱ्या मोटारींची बेअरिंगं गेलेली. एका बागवाल्याची मोटर ऐन पाण्याच्या वेळी खोलली, बेअरिंग आरशासारखं. तरी बदललं, आवाज तोच. दुसऱ्याची खोलली. तिसऱ्याने हाताला धरून घरी आणून सोडलं आणि संगीताला सांगितलं, वहिनी, भाऊले आराम करू द्या. त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की चुलीपाशी बसलेला नवरा तिने मारलेल्या हाकेला वळत नाही.

मी त्याला स्पंजच्या खोलीत बसवलं. जाड आवाज थोडे ऐकू आले. मग बारीक आवाज सुरू केले, वाढवत नेले, वाढवत नेले, मशीनच्या शेवटापर्यंत नेले. एवढा आवाज तुमच्या-माझ्या कानात सोडला तर आपण हेडफोन फेकून उठू. तो काचेतून माझ्याकडे पाहत शांत बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सुरू करा ना मॅडम."

डॉक्टरांनी माझा आलेख पाहिला आणि दवाखान्याचे कागद चाळले. मग म्हणाले, "नेहमीचा डोस, थोडे दिवस, किडनी ठीक. एवढ्यावर एवढं नुकसान होत नाही. घराण्यात कोणाला आहे का विचारा." मी पाटीवर लिहिलं, घराण्यात कोणी बहिरं आहे का. प्रल्हादभाऊने वाचलं आणि ठणकावून सांगितलं, "आमच्या घरात कोणी बहिरं नाही." संगीतानेही मान हलवली. "कोणीच नाही जी. मामंजींचे कान तं मरेपर्यंत झ्याक होते."

मी दुसऱ्या पेशंटला बोलवायला बाहेर आले. बाकावर म्हातारी बसली होती, तिची पिशवी दाराच्या वाटेत. मी म्हटलं, आजी, पिशवी जरा घ्या. ती रस्त्याकडे पाहत राहिली. मी पुन्हा म्हटलं. शेवटी खांद्याला हात लावला, तशी ती दचकली आणि प्रल्हादभाऊसारखीच मोठ्याने म्हणाली, "काय म्हणता वं बाई? मले ऐकू नाही येत."

मी तशीच आत गेले. "संगीता, बाहेरच्या या आजी कोण?"

"यायच्या आई. माह्या सासूबाई."

"यांना ऐकू येत नाही?"

"नाही ना जी. कधीपासूनच नाही."

"मग आता तू मला काय सांगितलंस? घरात कोणी बहिरं नाही?"

तिने माझ्याकडे अगदी समजुतीने पाहिलं, वेड्या माणसाकडे पाहावं तसं. "तुम्ही घराण्याचं विचारलं ना मॅडम. घराणं म्हणजे मामंजी, काका, आजोबा. सासूबाई तं बाहेरून आल्या. त्या कशा येतील घराण्यात?"

पन्नासेक वर्षं त्या बाईने त्या घरात भाकरी थापल्या, लेकरं वाढवली, नवरा पोचवला, आणि घरातल्या बहिऱ्यांची मोजणी झाली तेव्हा ती मोजण्यातच नव्हती. लेकानेही मोजली नाही. आणि संगीताला यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं, कारण तीही बाहेरूनच आलेली. मला राग आला, पण कोणावर ते कळेना, कारण माझ्या स्वतःच्या सासरी विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं.

म्हातारीला आत आणलं. ती ओठ पाहून ओळखायची, बाकीचं तिने आपल्या आपण सांगितलं. प्रल्हादच्या वेळचं बाळंतपण. घरीच झालं, मग ताप भरला. नरखेडच्या डॉक्टरने सुया दिल्या. "सुया चालू असताच कानात भवरा सुटला. थो गेला नाही, कान मात्र गेले." सासूने सांगितलं, हिने डोक्याला फडकं बांधलं नाही, बाळंतवारा कानात शिरला. तेव्हापासून चूक तिची होती. "ह्या प्रल्हादचा बोल मी कधी ऐकलाच नाही बाई. थो बोलाले लागला तवा माहे कान बंद होते." हे तिने काही रडून सांगितलं नाही. संगीताने मात्र पदर तोंडाला लावला, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तिने हे पहिल्यांदा ऐकलं.

"तुमच्या माहेरी कोणी?" डॉक्टरांनी तोंड तिच्यासमोर नेऊन हळूहळू विचारलं.

"माहा भाऊ. त्याले टीबी झाली होती. सुया लागल्या, टीबी गेली, कान गेले. लोक म्हणे दारूनं गेले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकात आम्ही दोघांनीही वाचलेलं होतं. काही कुटुंबांत पेशीमधला एक दोष असतो, त्या लोकांना या सुया विषासारख्या लागतात, थोड्याशा डोसनेही कान जातात. आणि हा दोष फक्त आईकडून येतो. बापाकडून येतच नाही. आई आपल्या सगळ्या लेकरांना देते, लेकाला आणि लेकीलाही. पुढे मात्र तो फक्त लेकीकडून जातो. म्हणजे घराणं विचारून तो सापडणारच नव्हता. एकाचे कान वाऱ्याने गेले, एकाचे दारूने, एकाच्या एसीचं बेअरिंग गेलं, आणि धागा जोडायला कोणी नव्हतं.

"आजींना मुली किती?" मी विचारलं.

"एकच. वंदनाताई, कळमेश्वरले दिल्या. त्यायले काही नाही, चांगलं ऐकू येते," संगीता म्हणाली. मग घड्याळाकडे पाहून चुळबुळत म्हणाली, "मॅडम, आम्हाले लवकर सोडता का? त्यायच्या पूजाचं बाळ पाहाले जायचं हाय धंतोलीच्या दवाखान्यात. पहिलंच लेकरू. जंतू झाले म्हणून काचेत ठेवलं. त्यालेही सुया लागून राहिल्या."

आजीची लेक वंदना, वंदनाची लेक पूजा, पूजाचं लेकरू. धागा सरळ त्या काचेपर्यंत गेला होता.

"कोणत्या सुया?"

"सुयांचं नाव आमाले काय समजते जी."

डॉक्टर फोनकडे वळलेच होते, तेवढ्यात संगीताला सारं उमगलं. ती हुशार बाई आहे. तिने माझा हात धरला. "मॅडम, पाया पडते, व्याह्यायले सांगू नका. पोरीच्या सासूले कळलं ना, की हे पोरीकडून आलं, तं पोरीले नांदवणार नाहीत. औषध बदला, पण काहून बदललं ते सांगू नका." एवढ्या घाईत, लेकराचे कान जायची वेळ, आणि तिच्या मनात आधी हे आलं. मी हादरले. मग कळलं की तिचं भय काही खोटं नाही.

संगीताने दवाखान्याचं नाव सांगितलं, तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाई फोनवर मिळाल्या. होय, त्याच जातीची सुई, कालपासून सुरू, पुढची दुपारी. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं. "पक्कं आहे का?" नाही, रक्त तपासल्याशिवाय पक्कं नाही, आणि तो रिपोर्ट यायला वेळ लागतो. "सुई लागू पडते आहे डॉक्टर. बाळ कालपेक्षा बरं आहे. बदललं आणि नवीन लागू नाही पडली तर?" आमच्या डॉक्टरांनी तिघांचे कान कसे गेले ते पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुपारची सुई मी थांबवते. मॅडमना मशीन घेऊन पाठवा. आईशी मला बोलावं लागेल."

मी नवजात बाळांचे कान तपासायचं छोटं मशीन उचललं आणि त्या तिघांबरोबर ऑटोत बसले. प्रल्हादभाऊला अजून काहीच माहीत नव्हतं. आम्ही बोलत होतो आणि तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. सिग्नलला ऑटो थांबल्यावर संगीताने पाटीवर लिहून त्याच्यासमोर धरली. त्याने वाचलं, आईकडे पाहिलं, मग पुन्हा वाचलं. तिच्यावर आयुष्यभर ओरडलो मी, असं तो म्हणाला. आईला ते ऐकू गेलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पूजा बसली होती, डोक्याला फडकं गच्च बांधून, तोंड सुजलेलं. एका बाजूला आई वंदना, दुसऱ्या बाजूला सासू. बालरोगतज्ज्ञ बाई आल्या. आता कसं सांगावं म्हणून त्या शब्द शोधत होत्या, कारण संगीताकडून कळताच वंदनाने मला कोपऱ्यात नेऊन तीच विनवणी केली होती आणि मी ती डोळ्यांनी त्यांच्यापर्यंत पोचवली होती. सगळे कुजबुजत होते. सासूबाई विचारत होत्या, सुई काहून थांबवली.

तेवढ्यात प्रल्हादभाऊ पूजासमोर जाऊन उभा राहिला. त्याला कुजबुज म्हणजे काय ते आता माहीतच नव्हतं. त्याच्या त्या काच हलवणाऱ्या आवाजात तो बोलला आणि सारा व्हरांडा वळला.

"पूजा, ह्या सुईनं माहे कान गेले. तुह्या आजीचे गेले. आजीच्या भावाचे गेले. हे आपल्या आजीकडून येते. तुह्यातही हाय, पोरातही हाय. पोराले हे सुई देऊ नको वं माय."

मागच्या बाकावरची माणसं उठून पाहू लागली. वंदनाने कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "असं काय? म्हणजे तुमच्याकडचं हाय हे. आमच्या घराण्यात तं कोणी बहिरं नाही." तेच वाक्य, एकाच सकाळी दुसऱ्यांदा. मी काही बोलणार होते, आणि बरं झालं बोलले नाही. पूजाने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "नवीन सुई नाही लागू पडली तं?"

"तर धोका आहे. खोटं सांगत नाही. पण बाळ आता थोडं सावरलंय, आणि दुसरं औषध चांगलं आहे. मी इथून हलणार नाही."

पूजाने मामाकडे पाहिलं. मामा तिच्या ओठांकडे पाहत होता. "बदला," ती म्हणाली. एवढा लहान शब्द, पण तो त्याला ओठांवरून कळला.

त्या दिवशी मी बाळाच्या कानात मशीनची नळी लावली. बाळाला काही करावं लागत नाही, फक्त झोपायचं असतं. निरोगी कान बारीक आवाजाला आतून अगदी हलका प्रतिसाद देतो आणि मशीन तो पकडतं. काचघरातल्या यंत्रांच्या गोंगाटात काहीच धड मिळेना. पुढचे दिवस मी रोज जात होते, ते तपासायला आणि खरं सांगायचं तर बाळ जगलं का ते पाहायला. मध्ये एकदा ताप पुन्हा चढला. वंदना मला पाहून तोंड फिरवून बसली, तुम्ही आलात आणि हे झालं, असं त्या फिरवलेल्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझीही झोप उडाली होती. आम्ही कान वाचवता वाचवता लेकरू घालवलं तर, हा विचार पिच्छा सोडत नव्हता. मग ताप उतरला. बाळ दूध ओढायला लागलं. शांत खोलीत तपासणी झाली, दोन्ही कानांनी प्रतिसाद दिला. "आज आहे," मी पूजाला सांगितलं. "हे नुकसान मागाहूनही दिसतं. बोलावेन तेव्हा घेऊन यायचं."

रक्ताचा रिपोर्ट आला, दोष पक्का निघाला. आजीपासून बाळापर्यंत सगळ्यांना कार्ड करून दिलं, या सुया देऊ नयेत म्हणून. प्रल्हादभाऊच्या स्वतःच्या लेकरांना काही भीती नाही, बापाकडून येत नाही, असं मी समजावल्यावर संगीता पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या घराण्यात नाहीच ना मॅडम." आता हिला काय म्हणावं. आणि खरं पाहता ती बरोबर होती. पूजाची सासू काही दिवस धुसफुसली, मग नातू हसायला लागल्यावर विसरली. ऐकायचं मशीन कानाला लावूनही प्रल्हादभाऊला शब्द कळेनात. कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन सांगितलं आहे, तो म्हणतो विचार करून राहिलो. मोटारी आता तो हात ठेवून पाहतो. थरथर कळते, पण पहिल्यासारखं नाही, असं स्वतःच सांगतो.

मी पेशंटला आता घराणं विचारत नाही. आई कोणाची, आईची आई कुठली, आईचे भाऊ-बहीण कसे, हे विचारते. लोक चमकतात. एका साहेबांनी मला विचारलं, मॅडम, तुम्ही सोयरीक जमवता का?

बाळ रांगायला लागल्यावर पूजा त्याला तपासणीला घेऊन सदरला आली. सोबत मामा-मामी आणि आजीही. बाहेरच्या बाकावर बाळ प्रल्हादभाऊच्या मांडीवर, दाराकडे पाठ करून. मी आत मशीन लावत होते आणि मनातून घाबरले होते, कारण उशिरा गेलेले कान मी पाहिलेले आहेत. दारापाशी संगीता पिशवीतून डबा काढत होती. तिच्या हातून स्टीलचं झाकण निसटलं आणि फरशीवर आपटून गोल गोल फिरत राहिलं. त्या लहान जागेत आवाजाने दात आंबले. मी दारात येऊन उभी राहिले.

आजी रस्त्याकडे पाहत होती. प्रल्हादभाऊला काही ऐकू आलं नव्हतं, त्याला फक्त मांडीवरचं लेकरू दचकलेलं जाणवलं. बाळाने मान वळवून मागे पाहिलं. तो बाळाकडे पाहत होता, मग बाळ जिकडे पाहत होतं तिकडे त्याने पाहिलं, आणि त्याला ते फिरणारं झाकण दिसलं. ते थांबेपर्यंत तो पाहत राहिला. मग त्याने बाळाचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि त्याच मोठ्या आवाजात विचारलं, "तुले ऐकू आलं का गा? कसा होता आवाज?"